फोनवरचे तोतये : त्यांची रीत व बचावाचा मार्ग

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला की शेतकऱ्याच्या हाती पैसा थोडा आणि वेळ त्याहूनही थोडा असतो. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे व मजुरी ही सारी देणी एकाच आठवड्यात उभी राहतात. पूर्वी त्यांसाठी तालुक्याच्या गावी बँकेत खेटे घालावे लागत. आता पीककर्जाची रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो आणि कृषी सेवा केंद्राचे बिलही मोबाईलवरूनच चुकते करता येते. ही सोय मोठी आहे व ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु कणगी भरली की तिच्याभोवती उंदरांची वर्दळ वाढते, त्याप्रमाणे मोबाईलमधून पैसा खेळू लागल्यापासून त्यावर टपलेले भामटेही वाढले आहेत. हे भामटे घरात शिरत नाहीत, कुलूप फोडीत नाहीत. ते फोन करतात, किंवा लोकांनीच त्यांना फोन करावा अशी तजवीज करून ठेवतात. आणि मग घरधन्याच्याच हातून कुलूप उघडवून घेतात.

ह्या भामट्यांची रीत एकदा नीट समजली म्हणजे त्यांच्यापासून बचाव करणे कठीण नाही. त्यासाठी फार शिक्षण लागते असेही नाही. लागते ती थोडी सवय, आणि फसवणूक झालीच तर ती न लपविण्याचे धैर्य.

नाव खरे, माणूस खोटा

महाराष्ट्राला तोतया नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच तो भाऊसाहेब’ असे सांगणारा एक इसम उभा राहिला, आणि १७७६ साली त्याचा पाडाव होईपर्यंत कोकणातील कित्येक लोक त्याच्या मागे गेले. भाऊसाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक होते, त्यांना जवळून पाहिलेले लोक थोडे होते, आणि ते परत यावेत अशी इच्छा मात्र पुष्कळांची होती. तोतयाला एवढ्या तीनच गोष्टी लागतात : सर्वांना ठाऊक असलेले एखादे नाव, ओळख पटविण्याचे साधन जवळ नसलेला माणूस, आणि त्या माणसाच्या मनातील एखादी निकडीची इच्छा किंवा भीती. फोनवर तर समोरच्याचा चेहरा दिसतच नाही. त्यामुळे बँकेचे, शासकीय योजनेचे किंवा मोठ्या कंपनीचे नाव घेणे कोणालाही साधते.

अशा फसवणुकीचा मोठा धंदा प्रथम इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी संगणक वापरणाऱ्यांवर चालला. ‘आम्ही अमुक नामांकित कंपनीच्या दुरुस्ती विभागातून बोलत आहोत, आपल्या संगणकात बिघाड झाला आहे,’ असे सांगणारा फोन येई. मग तो माणूस संगणकातील एक नोंदवही उघडावयास सांगे. प्रत्येक चांगल्या संगणकातही लहानसहान अडखळण्याच्या नोंदी आपोआप होत असतात. त्याच नोंदी रोगाची लक्षणे म्हणून दाखविल्या जात. निरोगी झाडाचीही जुनी पाने पिवळी पडून गळतात; ती दाखवून बागेला रोग लागला असे सांगावे व औषध विकावे, तसाच हा प्रकार. घाबरलेला मालक मग संगणकाचा ताबा त्या माणसाकडे देई आणि वर दुरुस्तीचे पैसेही भरी. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा प्रकरणांत कारवाई जाहीर केली. त्यांतील बहुतेकांची पाळेमुळे भारतात होती.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर धाडी घालून शेकडो लोकांना ताब्यात घेतले. तेथून अमेरिकेतील लोकांना करअधिकारी असल्याची बतावणी करून फोन केले जात होते. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची, ती अशी की हा एकट्यादुकट्या लबाडाचा उद्योग नव्हे. त्यासाठी जागा भाड्याने घेतलेल्या असतात, पगारी माणसे असतात, आणि कोणी काय विचारले असता काय उत्तर द्यावे ह्याचे लेखी पाठही असतात. अशा तयार माणसापुढे शिकलेलाही फसतो. म्हणून जो फसला त्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे. आता हीच रीत मराठी व हिंदी बोलत खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोचली आहे.

अडकलेले पैसे आणि खोटा मदतनीस

हा प्रकार प्रत्यक्षात कसा घडतो ते समजण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक शेतकरी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या घेण्यासाठी कृषी सेवा केंद्रात गेला आहे. त्याने मोबाईलवरून ९,६०० रुपये दिले. त्याच्या खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश आला. परंतु दुकानदाराकडे काहीच जमा झाले नाही.

‘‘तात्या, माझ्याकडे पैसे आले नाहीत. आल्याशिवाय पिशव्या कशा देऊ?’’ दुकानदार म्हणतो. त्याचेही म्हणणे खोटे नाही.

बाहेर आभाळ भरून आलेले. शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. शेजारी उभा असलेला एक तरुण मोबाईलवर पैसे देण्याच्या ॲपचा ‘तक्रार क्रमांक’ शोधून देतो. शोधात पहिला जो क्रमांक दिसला तो लावला जातो. इंटरनेटवर कोणीही, कोणत्याही नावाने, कोणताही क्रमांक टाकू शकतो, आणि भामट्यांनी असे क्रमांक जागोजागी पेरून ठेवलेले असतात, ह्याची कल्पना त्या दोघांनाही नसते.

पलीकडून गोड आवाज येतो. ‘‘नमस्कार काका. ग्राहक सेवा केंद्रातून बोलतोय. काय अडचण आहे आपली?’’

शेतकरी सारी हकिगत सांगतो.

‘‘काही काळजी करू नका काका. पैसे मध्येच अडकलेत. पाच मिनिटांत परत करून देतो. फक्त फोन ठेवू नका.’’

‘फोन ठेवू नका’ हे वाक्य विसरू नये. ते मदतीसाठी उच्चारलेले नसते. शेतकऱ्याने दुसऱ्या कोणास विचारू नये, आणि त्याला विचार करण्यास उसंत मिळू नये, एवढ्यासाठीच ते असते.

मग तो मनुष्य एक ‘मदतीचे ॲप’ मोबाईलमध्ये उतरवून घ्यावयास लावतो. ॲप उघडताच पडद्यावर एक आकडा दिसतो. तो वाचून दाखविण्यास सांगतो. त्यानंतर ‘परवानगी द्या’ अशा अर्थाचे बटण दाबावयास लावतो. ह्या तीन कृती झाल्या की शेतकऱ्याच्या मोबाईलच्या पडद्यावर जे जे उमटते ते ते दूर बसलेल्या त्या माणसास दिसू लागते. असे ॲप मुळात वाईट नाही. खरे तंत्रज्ञ दूर बसून यंत्र दुरुस्त करण्यासाठी ते वापरतात. परंतु परक्याच्या हाती ते गेले की तिजोरीसमोर चोराला खुर्ची टाकून बसविल्यासारखे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ ह्या अशाच ॲपच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते.

पुढची पायरी ‘परतावा अर्जा’ची. त्या अर्जात कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत व इतर तपशील भरण्यास सांगतात. बँकेकडून आलेला ओटीपी शेतकऱ्याने तोंडाने सांगितला नाही तरी तो पडद्यावर उमटतोच, आणि भामटा तो वाचतो. थोड्याच वेळात खात्यातील उरलेली रक्कम निघून जाते. खतासाठी व मजुरीसाठी राखून ठेवलेले पीककर्ज गेले. त्या कर्जाची फेड मात्र शेतकऱ्याच्या माथी राहिली.

ह्या प्रसंगातील सर्वांत दुःखाची गोष्ट ही की त्या ९,६०० रुपयांसाठी कोणाला फोन करण्याची गरजच नव्हती. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी घालून दिलेल्या नियमानुसार, यूपीआयने दुकानदारास दिलेली रक्कम खात्यातून वजा झाली व दुकानदारास तिची खातरजमा मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेल्या रकमेसाठी ही मुदत एका दिवसाची आहे. मुदत टळल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकास मिळावयाची. तेव्हा अशा वेळी व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, त्याच ॲपमधील तक्रारीच्या भागात नोंद करावी, आणि अडचण राहिल्यास पासबुक घेऊन आपल्या शाखेत जावे. तक्रारीचा क्रमांक हवाच असेल तर तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो तोच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक कधीही लावू नये.

भामटे आणखी कोणती रूपे घेतात

वरील प्रसंगात शेतकऱ्यानेच फोन केला होता. पुष्कळदा फोन किंवा संदेश भामट्याकडून आपण होऊन येतो. त्याची नेहमीची रूपे पुढीलप्रमाणे आहेत.

हप्त्याची केवायसी. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तीत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. ‘आपली केवायसी अपुरी आहे, आज सायंकाळपर्यंत पूर्ण न केल्यास हप्ता बंद होईल,’ असा फोन येतो व ओटीपी विचारला जातो. खरी केवायसी करण्याचे मार्ग ठरलेले आहेत : योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः, योजनेच्या अधिकृत ॲपवर चेहरा दाखवून, किंवा सेवा केंद्रात जाऊन बोटाचा ठसा देऊन. ह्यांपैकी कोणत्याही मार्गात फोनवरील अनोळखी माणसास ओटीपी सांगावा लागत नाही.

संदेशातून येणारी फाईल. व्हॉट्सॲपवर, कधी गावच्याच गटात, योजनेच्या किंवा बँकेच्या नावाची एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती दाबली की मोबाईलमध्ये एक ॲप बसते, व ते ओटीपीचे संदेश गुपचूप वाचून भामट्याकडे धाडते. अशी फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नये; कारण ज्याचा मोबाईल बिघडला त्याच्याच नावाने ती पुढे जात असते. कोणतीही बँक किंवा शासकीय योजना आपले ॲप अशा रीतीने पाठवीत नाही.

सौर पंपाची खोटी नोंदणी. सौर पंपाच्या योजनांना शेतकऱ्यांची मागणी मोठी आहे. तिचा फायदा घेऊन ‘कुसुम’ योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून नोंदणी शुल्क व लाभार्थी हिस्सा उकळण्याचे प्रकार झाले, आणि केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबाबत वेळोवेळी सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. कोणा व्यक्तीच्या खासगी खात्यावर पैसे भरण्यास सांगितले की तो व्यवहार खोटा समजावा.

खोटा गिऱ्हाईक. बैलजोडी, जुना ट्रॅक्टर किंवा कांदा विकावयाचा आहे असे मोबाईलवर जाहीर केले की एक गिऱ्हाईक न पाहताच सौदा ठरवितो. ‘विसार पाठवितो, हे चौकोनी चित्र स्कॅन करा व पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील,’ असे तो म्हणतो. येथे एकच नियम पक्का ध्यानी धरावा : पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे यावयाचे असता पिन मागितला, की पैसे जाणार हे निश्चित.

दुसऱ्यांदा नाडणारा. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक भामट्यांमध्ये फिरतो. काही दिवसांनी ‘आम्ही सायबर विभागातून बोलतो, आपले गेलेले पैसे मिळवून देतो, त्यासाठी अगोदर शुल्क भरा,’ असा फोन येतो. पोलीस किंवा बँक गेलेली रक्कम परत करण्यासाठी शुल्क घेत नाहीत. बुडत्याच्या हाती सापडलेली काडीही विकत देणारा हा माणूस पहिल्याचाच भाऊबंद होय.

तीन खुणा

रूपे अनेक असली तरी खुणा तीनच आहेत. नव्या किडीची ओळख नसली तरी पानावरील नुकसानीवरून शेतकरी तिचा अंदाज बांधतो, त्याप्रमाणे ह्या खुणांवरून उद्या येणारा नवा प्रकारही ओळखता येईल.

पहिली खूण घाईची. ‘आजच’, ‘आताच’, ‘पाच मिनिटांत’ असे शब्द बोलण्यात येतात. खऱ्या कार्यालयाचे काम एका फोनने बंद पडत नाही.

दुसरी खूण एकटे पाडण्याची. ‘फोन ठेवू नका’, ‘कोणाला सांगू नका’, ‘बाजूला जाऊन बोला’ असे सांगितले जाते. प्रामाणिक माणसाला साक्षीदाराची भीती नसते.

तिसरी खूण किल्ली मागण्याची. पिन, ओटीपी, कार्डाचे आकडे, किंवा मोबाईलचा पडदा पाहू देणारे ॲप ह्या चारही गोष्टी म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या होत. बँकेच्या खऱ्या अधिकाऱ्यालाही ह्यांपैकी एकही मागण्याचे कारण पडत नाही.

आलेला क्रमांक कोणत्या आकड्याने सुरू होतो, किंवा मोबाईलवर कोणते नाव उमटले, ह्यावर मात्र विसंबू नये. समोरच्याने आपले नाव, गाव, आधारचे शेवटचे आकडे किंवा हप्त्याची तारीख बरोबर सांगितली तरी तो खरा ठरत नाही. ही माहिती अनेक ठिकाणांहून बाहेर गेलेली असते.

बचावाची रीत

ह्यावर उपाय एकच आहे, व तो अगदी साधा आहे. पैशाविषयी किंवा खात्याविषयी कोणाचाही फोन आला की, ‘मी बँकेत जाऊन विचारतो,’ एवढे म्हणून फोन ठेवून द्यावा. त्यात उद्धटपणा काहीच नाही. नंतर स्वतःच्या पासबुकावरील क्रमांकावर आपण होऊन फोन करावा किंवा शाखेत जावे. काम खरे असेल तर ते तेथेही होईल. खोटे असेल तर तेथेच उघडकीस येईल. ह्याच्या जोडीला पुढील दक्षता घ्यावी.

१. बँकेच्या शाखेचा व तक्रार विभागाचा क्रमांक पासबुकावरून पाहून घरातील भिंतीवर लिहून ठेवावा.

२. पीककर्जाची सर्व रक्कम, ज्या खात्यावरून मोबाईलने रोजचे व्यवहार होतात त्याच खात्यात ठेवू नये. रोजच्या व्यवहारासाठी वेगळे खाते ठेवून त्यात लागेल तेवढीच रक्कम घ्यावी.

३. मोबाईलवरून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते ह्याची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घेता येते. ती घ्यावी.

४. मोबाईलमधील ॲप त्याच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे, आणि तेही दुसऱ्याने फोनवर सांगितले म्हणून नव्हे.

५. घरात मोबाईल वापरणाऱ्या सर्वांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना व मुलांना, वरील तीन खुणा समजावून द्याव्यात. एकाची चूक साऱ्या घराला भोवते.

६. योजनेविषयी शंका असल्यास कृषी सहायकास किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारावे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या क्रमांकावरही विनाशुल्क विचारणा करता येते.

पैसा गेल्यास पहिला तास

इतकी काळजी घेऊनही कोणी फसला, तर त्याने हातपाय गाळू नयेत. चोरीला गेलेला पैसा एका क्षणात नाहीसा होत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकविला जातो व शेवटी रोख काढला जातो. हा प्रवास संपण्यापूर्वी ज्या खात्यात तो सापडेल तेथे तो अडवून धरता येतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ साली ह्यासाठी बँका व पोलीस ह्यांना जोडणारी व्यवस्था उभारली असून तिचा दूरध्वनी क्रमांक १९३० हा आहे. तक्रार नोंदली की तिची वर्दी संबंधित बँकेस जाते. रक्कम तेथेच असल्यास ती गोठविली जाते. पुढे गेली असल्यास वर्दीही पुढच्या बँकेस जाते. पाटाला भगदाड पडले असता पाणी शेवटच्या शेतात पोचण्यापूर्वी वाटेत बांध घालावा, तशी ही धावपळ आहे. तिच्यात प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

म्हणून फसवणूक ध्यानात येताच पुढील क्रमाने वागावे.

१. भामट्याचा फोन तोडावा व मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, म्हणजे पडदा पाहणाऱ्याचा धागा तुटेल.

२. दुसऱ्या मोबाईलवरून ताबडतोब १९३० ला फोन करावा. खात्याचा क्रमांक, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक सांगावा. हाच तपशील ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ ह्या शासकीय संकेतस्थळावरही नोंदता येतो.

३. आपल्या बँकेस कळवून खात्यावरील मोबाईल व्यवहार व कार्ड बंद करवावे. कळविल्याचा क्रमांक किंवा पोच अवश्य घ्यावी.

४. आलेले संदेश, भामट्याचा क्रमांक व व्यवहाराच्या नोंदी पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. त्यांची छायाचित्रे घेऊन मग नवे ॲप काढून टाकावे व सर्व पिन बदलावेत.

५. त्यानंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणक किंवा मोबाईलद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकेस लौकर कळविण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकाच्या जबाबदारीविषयी तत्त्व घालून दिले. दोष ग्राहकाचाही नाही व बँकेचाही नाही, तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने पैसा गेला, अशा प्रसंगी तीन कामाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा बोजा पडत नाही. ग्राहकानेच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे; परंतु कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे. म्हणजे आपली चूक झाली असली तरीही कळविण्याची वेळ महत्त्वाची आहेच. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यास, ती बँक लोकपालाच्या कक्षेत येत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे काम

ह्या सर्व माहितीचा उपयोग एका गोष्टीवर अवलंबून आहे, व ती गोष्ट म्हणजे फसलेल्या माणसाने तोंड उघडणे. पुष्कळदा तो बोलतच नाही. मुलगा रागावेल, बायको काय म्हणेल, गावात हसे होईल, ह्या भीतीने तो दोन-दोन दिवस गप्प राहतो. तेवढ्यात पैसा रोख होऊन निघून गेलेला असतो. भामट्याच्या खऱ्या साथीदाराचे नाव लाज असे आहे. ती दूर करणे हे एकट्या पोलिसांचे काम नव्हे; ते गावात रोज वावरणाऱ्या कार्यकर्त्याचेच आहे.

एखादा शेतकरी घाबराघुबरा होऊन आला तर, ‘‘एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?’’ हा प्रश्न त्यास विचारू नये. ‘‘भाऊ, किती वाजता झालं? चला, आधी फोन लावू,’’ असे म्हणावे. तक्रार नोंदवून होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे. चौकशी मागाहून करता येते. पहिला तास मागाहून येत नाही.

नुसत्या भाषणाने मात्र हा विषय मनावर ठसत नाही. बीजप्रक्रिया करून दाखविल्याशिवाय शेतकऱ्यास जशी ती पटत नाही, तसेच येथेही प्रात्यक्षिक हवे. ग्रामसभेत किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने भामट्याची भूमिका घ्यावी व दुसऱ्याने शेतकऱ्याची. ‘काका, फोन ठेवू नका’ हे वाक्य सर्वांच्या कानांवर पडू द्यावे. घाई, एकटे पाडणे व किल्ली मागणे ह्यांतील जी खूण दिसेल ती श्रोत्यांनी हात वर करून सांगावी. शेवटी प्रत्येकाकडून, ‘मी बँकेत जाऊन विचारतो,’ असे म्हणवून फोन ठेवण्याचा सराव करून घ्यावा. हसतखेळत पाऊण तासात हे होते, आणि एकदा तोंडात बसलेले वाक्य अडचणीच्या वेळी आपोआप बाहेर पडते.

ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या व कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. दुकानदारांनाही सांगून ठेवावे की पैसे अडकल्यास गिऱ्हाइकाला क्रमांक शोधू देऊ नये, तर व्यवहाराचा क्रमांक लिहून घेऊन शाखेकडे पाठवावे. पेरणीपूर्वीचा महिना, हप्ता जमा होण्याचे दिवस आणि कापूस-सोयाबीन विक्रीचा हंगाम ह्या तीन वेळी शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसा असतो. भामटेही तेवढ्याच वेळा जागे असतात. बैठका त्यांच्या आधी घ्याव्यात.

घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शहाणा शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून त्यांची उगवणशक्ती पाहतो. बियाणे आपल्याच शेतातले असले तरी तो ते तपासतो, आणि त्यात बियाण्याचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. फोनवर कानी पडणारे नावही असेच तपासून घ्यावे. त्यासाठी शंभर दाणे व काही दिवस लागत नाहीत. फोन खाली ठेवावा व पासबुक उघडावे, एवढेच पुरते.